पळवाट की चोरवाट? डिझेल ट्रक पुलिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या डिझेल ट्रक पुलिंगबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की या खेळात नियमाला वळसा घालता येणं हे अर्धं कौशल्य आहे. झालं, सगळी पत्रं त्या एका वाक्यावरच आली. काहींना मजा वाटली, काही जाम चिडले, आणि एका पत्रात तर प्रश्न कमी आणि कबुलीजबाबच जास्त आहे, त्यामुळे यावेळी कोणाचंच नाव छापत नाही, फक्त गाव देतो.

काका, मागचा अंक मिळाला नाही, मित्राने फक्त फोटो पाठवला. हा खेळ नक्की काय असतो? पंजाबमध्ये दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून एकमेकांना ओढतात तेच का? – कोल्हापूर

नाही. पंजाबमध्ये त्याला तोचन म्हणतात, तिथे दोन ट्रॅक्टर एकमेकांविरुद्ध असतात आणि जो मागे ओढला गेला तो हरला, विषय संपला. इथे ट्रकच्या मागे एक लांबलचक स्लेड जोडतात. स्लेडला मागच्या बाजूला चाकं असतात आणि पुढे जमिनीवर घासणारा सपाट लोखंडी पत्रा, आणि वर वजनाची मोठी पेटी. सुरुवातीला पेटी मागे चाकांवर असते त्यामुळे ओढायला हलकं वाटतं, पण ट्रक जसा पुढे जातो तशी स्लेडच्या चाकांवरूनच गिअरने ती पेटी पुढे सरकत त्या पत्र्यावर येते, पत्रा मातीत रुततो आणि दर फुटाला ओझं वाढत जातं. ३०० फूट, म्हणजे साधारण ९१ मीटर गेलात तर फुल पुल. बहुतेक जण त्याआधीच जागेवर चाकं फिरवत खड्डा खणून थांबतात. कोण किती लांब गेला ते मोजायचं, बास, एवढाच खेळ आहे.

पूर्वी ही सरकणारी पेटी नव्हती, तेव्हा ट्रॅकच्या कडेला ठरावीक अंतरावर माणसं उभी असायची आणि स्लेड जवळ आला की एकेक जण त्यावर चढायचा. आता आपल्या माणसाच्या ट्रॅक्टरला सडपातळ मंडळी आणि दुसऱ्याच्या वेळेला पैलवान असं कधी झालंच नसेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं! शिवाय प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे १९६९ मध्ये आठ राज्यांची माणसं एकत्र बसली आणि एकच नियमपुस्तक करायला नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन काढली. म्हणजे ही संघटनाच मुळी नियमांच्या भांडणातून जन्मली असं म्हटलं तरी चालेल. डिझेल पिकअपचे क्लास, म्हणजे स्पर्धेतले गट, नंतर आले, पण भांडणं तीच.

सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि टर्बोवर प्रोजेक्ट करतोय. २.६ इंची क्लासमध्ये टर्बोचं तोंड २.६ इंचाचं असायला हवं असा नियम आहे, पण लोक आत मोठं व्हील लावून फक्त त्याचं नाक तासून २.६ करतात. याला तुम्ही कौशल्य म्हणता? मला तर ही सरळ सरळ चीटिंग वाटते. नियमाचा हेतू हवा कमी करणं हा होता ना? – पुणे

प्रश्न एक नंबर आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो, तुझ्या प्रोजेक्टलाही उपयोग होईल.

आधी बाकीच्या वाचकांसाठी, टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र, व्हील म्हणजे त्यातलं हवा ओढणारं पात्यांचं चाक, आणि आता त्याच्या तोंडाच्या मापावर एवढा जीव का टाकतात ते. डिझेल इंजिनात ताकद वाढवायची म्हणजे जास्त डिझेल ओतायचं, आणि ते काही अवघड नाही, नव्वदच्या दशकातल्या ५.९ लिटर कमिन्स इंजिनावर जो बॉशचा पी७१०० डिझेल पंप यायचा तो थोडा फिरवला तरी डिझेलचा पूर येतो. अडतं ते हवेपाशी. जळायला ऑक्सिजन पुरला नाही की उरलेलं डिझेल काळा धूर होऊन वर जातं आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात पण ट्रक काही पुढे जात नाही. म्हणून ज्याला सगळ्यांची ताकद साधारण सारखी ठेवायची आहे तो हवेच्या दरवाज्यालाच कुलूप लावतो. २.५ इंचाचं तोंड, २.६ इंचाचं, ३ इंचाचं असे क्लासच पडलेत. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून बघ, २.५ वरून २.६ वर गेलास की ८ टक्के जास्त वाट मिळते, आणि २.६ वरून ३ वर गेलास तर तब्बल ३३ टक्के. एक दशांश इंचासाठी लोक रात्र रात्र का जागतात ते यावरून कळेल.

आता नियम कसा लिहिला होता ते बघ. टर्बोचं तोंड आतून गुळगुळीत, अमुक मापाचं, आणि कॉम्प्रेसर व्हील त्या मापाच्या भागात निदान एक अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर, शिरलेलं पाहिजे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात साधं व्हील होतं, तोंडाशी २.६ चं म्हणजे तेवढीच हवा घेणारं. पण बनवणाऱ्याने वाचलं फक्त ३ मिलिमीटर. मग त्याने मोठं व्हील घेतलं, नाकाचा तेवढाच भाग लेथवर उतरवून २.६ केला आणि त्याच्यामागे लगेच पायरी देऊन व्हील पुन्हा रुंद! तपासणाऱ्याने गेज घातला, बरोबर बसला, व्हील ३ मिलिमीटर आत आहे का, आहे. पास.

माझ्या मते ही चीटिंग नाही, पळवाट आहे, आणि का ते सांगतो. तो टर्बो खोलून टेबलावर ठेवला, नियमपुस्तक शेजारी उघडं ठेवलं आणि तपासणाऱ्याला बोलावून म्हटलं की घ्या, कुठली ओळ मोडली ते दाखवा, तर त्याला एक ओळ दाखवता येणार नाही. बनवणाऱ्याला काही लपवावं लागत नाही. ही व्हील उघड विकली जात होती, सगळ्यांना माहीत होतं. चूक झाली असेल तर ती नियम लिहिणाऱ्याची, आणि पुढच्या सीझनला वाक्य बदलणं त्याच्या हातात आहे.

आता याच्या उलट दुसरा प्रकार. साध्या रस्त्यावरच्या बऱ्याच टर्बोंमध्ये व्हीलच्या भोवती कव्हरला एक गोल खाच असते. वेग कमी असताना जादा हवा त्या खाचेतून परत मागे जाते आणि टर्बो हुंदके देत नाही, पण पूर्ण वेगावर तीच खाच उलटी चालते आणि तोंडाशिवाय वेगळ्या वाटेने जास्तीची हवा आत घेते. म्हणून तर नियमात आतून गुळगुळीत असं लिहिलंय. आता कोणी ती खाच बाहेरून दिसणार नाही अशी बुजवून तिची वाट गुपचूप कव्हरच्या मागून काढली, तर गेज घातल्यावर माप बरोबरच येणार, पण हवा मात्र मागच्या दाराने आत. हा टर्बो तू टेबलावर उघडून ठेवू शकतोस का? नाही. हा तोच माणूस आहे जो खोलायची वेळ आली की म्हणतो बोल्ट जाम आहेत.

याच चोरीचा सगळ्यात गाजलेला नमुना पुलिंगमधला नाही, रॅलीतला आहे. १९९५ ची वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप, टोयोटाची सेलिका जीटी-फोर, टर्बोला ३४ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवेची वाट अरुंद करणारी कडी, बंधनकारक. टोयोटाच्या टीमने असं काही बनवलं होतं की होजचा क्लिप आवळला की आतल्या स्प्रिंग दाबून रिस्ट्रिक्टर काही मिलिमीटर पुढे सरकायचा आणि बाजूने हवा आत जायची, आणि तपासायला क्लिप सोडला की आपोआप परत जागेवर! खोलून बघाल तर सगळं जिथल्या तिथे. स्पेनच्या कॅटालुन्या रॅलीत पकडले गेले, त्या वर्षीचे सगळे पॉइंट गेले आणि टीमवर १२ महिन्यांची बंदी. मोटर शर्यतींची जागतिक संघटना एफआयए, तिचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी त्या कारागिरीचं तोंडभरून कौतुक केलं आणि शिक्षा पण पूर्ण दिली. मला हे फार आवडतं. डोकं भारी होतं म्हणून शिक्षेत सूट नाही.

आणि उलट बाजूला १९७८ ची ब्रॅबहॅमची फॅनवाली फॉर्म्युला वन गाडी. गाडीच्या मागे भलामोठा पंखा, तो खालची हवा ओढून गाडी जमिनीला चिकटवतो. हलणारी एरोडायनॅमिक वस्तू चालत नाही असा नियम होता, तर हे म्हणे पंखा मुख्यतः रेडिएटर थंड करायला आहे! स्वीडनला निकी लाउडा त्या गाडीवर जिंकला, सगळ्यांनी बोंबाबोंब केली, पण पंखा सगळ्या जगाला दिसत होता. निकाल कायम राहिला आणि गाडी पुन्हा उतरली नाही. पळवाटीचं आयुष्य असंच असतं, एक शर्यत, फार तर एक सीझन.

एवढं सगळं सांगून, हेतूचं तू जे म्हणतोस त्यात दम आहे हे मान्य. छोट्या मापाचे क्लास काढले कशाला, तर शेतावरच्या पोराने स्वतःचा ट्रक आणून कमी पैशात ओढावं म्हणून. ते तासलेलं खास व्हील बसवल्याशिवाय जिंकता येत नाही असं झालं की त्या पोराला पुन्हा खिशात हात घालावा लागतो, आणि काही जण मग येणंच बंद करतात. म्हणून कायदेशीर आहे म्हणून चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही, ज्याने ते आणलं त्याला चोर मात्र म्हणणार नाही.

एक गंमत तुझ्या प्रोजेक्टसाठी. लपवलेली वाट शोधायची सोपी युक्ती आहे, इंजिन चालू ठेवून टर्बोचं तोंड पूर्ण बंद करायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा कुठून येते ते मालकाला विचारायचं. घरी मित्राच्या बोलेरोवर करून बघू नकोस!

हॅलो दादा, मी पुण्याचाच, गेली काही वर्षं कोलंबस, इंडियानाला कमिन्समध्ये आहे. इथल्या दोन मित्रांबरोबर मिळून एक जुना १२ व्हॉल्व्हचा ट्रक घेतलाय, काउंटी फेअरला ओढतो. एक मित्र म्हणतो नायट्रसची छोटी बाटली सीटच्या मागे लावू, फक्त शेवटच्या १०० फुटांसाठी, आणि सगळेच करतात. आम्ही एकदा लावून बघितली पण आहे, स्पर्धेत नाही, शेतात. काय करू? – कोलंबस, इंडियाना

मला वाटलंच होतं कोलंबसहून कोणीतरी लिहिणार. कमिन्सचं मुख्य ऑफिस तिथे आणि १९६२ पासून पुण्यात कंपनी, त्यामुळे त्या गावात शनिवारी पोहे आणि रविवारी पुलिंग करणारी मराठी मंडळी सापडायचीच.

काढा ती बाटली. मी प्रवचन देत नाही, हिशोब सांगतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये, म्हणजे नायट्रस ऑक्साइड वायूत, ३६ टक्के, म्हणजे सगळा क्लास ज्या कुलपामागे उभा आहे त्याची किल्ली तुम्ही सीटमागे ठेवलीय. ही टर्बोच्या व्हीलसारखी वाक्याची कसरत नाही. नायट्रस चालणार नाही, इंधन म्हणून डिझेल किंवा बायोडिझेलच, असं या क्लासच्या नियमांत सरळ लिहिलेलं असतं, त्यात कसला अर्थ काढणार आहात? आणि मित्राला स्वतःलाच ते माहीत आहे, नाहीतर बाटली सीटमागे कशाला, समोर बंपरवर लावली असती की.

"सगळेच करतात" हे वाक्य मी सांगलीच्या बैलगाडा शर्यतीच्या मैदानापासून ओहायोच्या फेअरपर्यंत ऐकलंय. आपल्याकडे बैलाला काठी मारायची नाही, शॉक द्यायचा नाही असे नियम आले तेव्हा पण हेच. सगळेच करतात म्हणणाऱ्याला विचारा, कोण कोण ते नाव घेऊन सांग. बहुतेक वेळा एक नाव निघतं, आणि ते पण ज्याच्याकडून तो मागच्या आठवड्यात हरला त्याचं.

बाकी व्यवहाराचं म्हणाल तर पिस्टन वितळेल ही भीती खरी आहे, आणि बंद केबिनमध्ये बाहेरच्या हवेच्या ५०-६० पट दाबाची बाटली घेऊन बसायचं हे मला तरी झेपत नाही. त्यापेक्षा ते पैसे टायरवर आणि पुढच्या वजनांच्या जागेवर घाला. तुमच्यासारख्या नव्या टीमचे २० फूट इंजिनात नाही, वजन कुठे टांगलंय त्यात अडकलेले असतात.

हिचच्या, म्हणजे ट्रकला स्लेड जोडतात त्या कडीच्या, उंचीबद्दल लिहा. माझ्या भावाच्या ट्रकची तपासणीत २६ इंच बरोबर भरली आणि ओढून आल्यावर पुन्हा मोजली तर जास्त, त्याला बाद केलं. त्याने काहीच बदललं नव्हतं म्हणतो. हा अन्याय नाही का? – न्यू जर्सी

भाऊ काय म्हणतो त्यावर मी काय बोलणार, पण मोजमापाचं सांगतो. हिच जितका उंच तितकं स्लेडचं ओझं ट्रकला मागच्या चाकांवर खाली दाबतं, पकड वाढते. म्हणून २६ इंचाची मर्यादा, आणि हिच कुठल्याच दिशेला हलता कामा नये असा नियम. आता लोक काय काय करतात, तपासणीनंतर मागच्या टायरमध्ये हवा भरतात, सस्पेन्शनला एअरबॅग असेल तर ती फुगवतात, कोणी हिचच्या सांध्यात असा ढिलेपणा ठेवतात की जोर आला की तो वर चढतो. म्हणून तर ओढून झाल्यावर पुन्हा मोजायची पद्धत पडली. टायर तापल्यावर हवा थोडी वाढते हे खरं आहे, पण म्हणूनच शहाणा माणूस बरोबर २६ वर उभा राहत नाही, पाव-अर्धा इंच खालीच ठेवतो. जो काठावर उभा राहतो त्याने पाय घसरला तर तक्रार करू नये. अन्याय नाही, मला तरी वाटत नाही.

एक्झॉस्टमध्ये ते दोन आडवे बोल्ट घालायला लावतात त्याने धूर अडतो आणि पॉवर जाते. गावातल्या छोट्या स्पर्धेत कोणी बघत पण नाही. ते काढले तर ती पळवाट की चोरी? – टेक्सास

दोन्ही नाही, मूर्खपणा. ते क्रॉस बोल्ट कशासाठी आहेत माहीत आहे ना? टर्बो फुटला तर टर्बाइनचा तुकडा एक्झॉस्टमधून गोळीसारखा वर जाऊन प्रेक्षकांत पडू नये म्हणून. हवेचा शटऑफ, उडणारे तुकडे अडवणारं ब्लँकेट, स्लेडवरून खेचला जाणारा इंजिन बंद करायचा किल स्विच, क्लचभोवतीच्या बेलहाउसिंगचं कवच, हे सगळं याच यादीतलं. डिझेलला एकदा कुठून तरी तेल मिळालं की ते किल्लीने बंद होत नाही, हवाच तोडावी लागते. इथे हेतू, अक्षर, कौशल्य यातलं काहीही चर्चेला घेऊ नका. आणि दोन बोल्टने जाते तेवढी पॉवर तुम्हाला मोजता येत असेल तर तुम्ही इथे प्रश्न विचारायला हवेत असं मला वाटत नाही.

माझा भाचा ओहायोत शिकतो. त्याने पिकअपचं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, वगैरे काढून टाकलंय आणि तोच ट्रक कॉलेजला घेऊन जातो. विचारलं तर म्हणतो मी पुलिंग करतो, मला चालतं. खरंच चालतं का? – नाशिक

पुलिंगच्या नियमपुस्तकाला धुराशी फारसं देणंघेणं नाही, तिथे काळा धूर म्हणजे शो आहे. पण रस्त्यावर अमेरिकेचा क्लीन एअर अ‍ॅक्ट आहे आणि स्पर्धेचं स्टिकर दाखवून तो मागे हटत नाही. त्यांच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये अंदाज काढला होता की आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपचं असं सामान काढलं गेलं. युटामध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेने टीव्हीवर गाजलेल्या ट्रकवाल्या मंडळींवर २०१७ मध्ये केस केली होती, त्यात कोर्टाने त्याच वर्षी, २०२० मध्ये, साडेआठ लाख डॉलरच्या आसपास दंड लावला, पुढे अपिलात त्यातला काही भाग पुन्हा मोजायला परत गेला ते वेगळं.

जो ट्रक ट्रेलरवर चढून येतो आणि ट्रेलरवरूनच घरी जातो त्याच्याबद्दलसुद्धा तिकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहे, की मूळ रस्त्यासाठी पास झालेली गाडी रेससाठी बदलली तर चालते की नाही. भाच्याच्या ट्रकला तर तो वादही लागू नाही, तो कॉलेजला जातोय. त्याला म्हणावं सामान परत लाव नाहीतर बसने जा. मामा म्हणून एवढा हक्क तुम्हाला आहेच.

आमच्या क्लासमध्ये एक जण दर वेळी सगळ्यांच्या १५-२० फूट पुढे जातो. सगळे कुजबुज करतात, समोर कोणी बोलत नाही. मी प्रोटेस्ट टाकू का? संबंध बिघडतील ही भीती आहे. – इंडियाना

आधी एक करा, त्याच्या ट्रककडे जा आणि सरळ विचारा की दादा एवढा पुढे कसा जातोस. खरंच. यातले निम्मे लोक सांगतात! कोणी टायर वेगळे कापलेले असतात, कोणाचा गिअर बरोबर लागलेला असतो, कोणी ट्रॅकची कुठली बाजू घट्ट आहे ते आधी चालत जाऊन बघून आलेला असतो, जे बाकीच्यांनी केलेलं नसतं. पाऊस पडून गेलेल्या ट्रॅकवर फक्त योग्य रेषेत उभं राहिल्याने दहा फूट मिळालेले मी बघितलेत.

तरी समाधान झालं नाही तर प्रोटेस्ट टाका, त्यात लाजायचं काय. बहुतेक ठिकाणी पद्धत अशी, की ठरलेली रक्कम भरून लेखी द्यायचं, वेळेत द्यायचं, आणि काय तपासायचं ते नेमकं लिहायचं. टर्बो म्हटलात तर टर्बोच खोलतील. माल नियमात निघाला तर तुमचे पैसे साधारणपणे त्याला खोलायच्या त्रासाचे म्हणून जातात, नियमाबाहेर निघाला तर तुम्हाला परत मिळतात. आणि त्याने खोलू द्यायलाच नकार दिला तर ते बेकायदा निघाल्यासारखंच धरतात. तुमच्या आयोजकाचं पुस्तक आधी वाचा, रक्कम आणि मुदत प्रत्येकाची वेगळी असते, आणि बऱ्याच जणांचा प्रोटेस्ट मुदत टळली म्हणूनच फेटाळला जातो.

संबंधांचं म्हणाल तर ते कुजबुजीने आत्ताच बिघडलेत. फॉर्म भरताना खाली सही करा, आणि शक्यतो तो ट्रेलरवर ट्रक चढवायच्या आत द्या.